मिस्त्रीची लाल रेघ

फोन आला तेव्हा तिचा उजवा हात बाळाच्या मानेखाली अडकला होता. दातांनी रात्रभर छळून ते पिल्लू नुकतं कुठे झोपलं होतं. तिनं डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"मॅडम, सभागृहातला स्पीकर पडला," तपासणी कचेरीतला कारकून म्हणाला. "डावीकडचा. सफाईवाल्या मावशी खाली होत्या. जीव वाचलाय, पण खांदा मोडलाय."

"कुठलं सभागृह?"

"तुम्ही दीड महिन्यापूर्वी पास केलेलं."

सायीखालून चमचा काढावा तसा तिनं हात काढून घेतला. बाळ हललं, पण उठलं नाही. सासूबाईंनी दारातूनच खूण केली, जा. काल धुतलेला पण न वाळलेला कुर्ता अंगात घालून ती निघाली.

सभागृह चारशे खुर्च्यांचं. तिसऱ्या रांगेतल्या तीन खुर्च्यांचा चुरा झाला होता आणि त्या चुऱ्यात अडतीस किलोंचा काळा खोका तोंडावर पालथा पडला होता. तिनं मान वर केली. करड्या रंगाचं छत आणि त्यातून बाहेर आलेले चार बोल्ट. बाकी सगळं एकसारखं, स्वच्छ करडं. उजवीकडचा जोडीदार स्पीकर मात्र जागच्या जागी, निवांत.

"आमचं नशीब, आज पडला," व्यवस्थापक म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, आवाज दबका. "उद्या मुलांचा कार्यक्रम आहे. तिसऱ्या रांगेत पहिलीची मुलं बसणार होती."

तिनं चुरा झालेल्या खुर्च्यांपाशी जाऊन पाहिलं.

"कुणी बसवला होता?"

"मिस्त्रीनं. तीन वर्षांपूर्वी. त्यानंतर कुणी बोट लावलेलं नाही. हे बघा, वर बोल्टांवर त्याची लाल रेघ."

मिस्त्रीची लाल रेघ तिला माहीत होती. नट आवळून झाला की म्हातारा नटावरून बोल्टवर नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचा. रेघ सरळ असेल तर नट हललेला नाही, तुटली असेल तर हलला. दीड महिन्यापूर्वी तिनं खालून बॅटरी मारून याच रेघा पाहिल्या होत्या. आठही सरळ.

ती गुडघ्यांवर बसली. नट शोधले. एक खुर्चीखाली, एक पडद्यापाशी, एक स्पीकरच्याच कुशीत. चौथा सापडेना. तिन्ही नटांवर लाल रेघ होती, अजून चकचकीत. एक नट तिनं सहज खिशातल्या नमुन्याच्या बोल्टवर चढवला. बाळाच्या खेळण्यासारखा तो बोटानंच गरगर फिरत शेवटपर्यंत गेला.

स्पीकरबरोबर पोलादी तारही आली होती. मुख्य आधार सुटला तर स्पीकर धरून ठेवायला असते ती. कुठेही तुटलेली नाही. एक टोक स्पीकरला, दुसरं त्याला छताशी जोडणाऱ्या लोखंडी ब्रॅकेटला, दोन्ही कड्या घट्ट बंद.

"तार शाबूत आहे," ती म्हणाली.

"मग काय उपयोग झाला तिचा?" मागून आवाज आला. साउंडवाला. तिशीचा, डोळे तांबारलेले. "चार दिवस सकाळ-संध्याकाळ तालीम चाललीय मुलांची. ढोलाचा आवाज इतका, की खुर्च्यासुद्धा नाचतात. मला तर घरीसुद्धा कानात ढोलच ऐकू येतात. बायको म्हणते, बरंय, माझं ऐकायला नको."

"हा स्पीकर कधी खाली काढला होता?"

"कुणी काढणार? मिस्त्रीच्या कामाला हात लावायची हिंमत आहे का कुणाची?" त्यानं केसांतून हात फिरवला. करंगळीचं नख लालभडक, चमकी लावलेलं.

तिची नजर गेलेली पाहून तो ओशाळला. "लेकीचे उद्योग. पाच वर्षांची आहे. पुसलं तर जेवत नाही."

त्या मरगळलेल्या सकाळी ती पहिल्यांदा हसली.

ऑफिसात व्यवस्थापकानं फाईल पुढे सरकवली. टेबलावर एक काचेची वाटी होती. तिच्यात पिना, रबरबँड, अर्धं खोडरबर, एक नट, सुकलेलं पेन. कुठल्याही ऑफिसात असतो तसा पसारा.

"ही तुमची सही," तो सौम्यपणे म्हणाला. "तुम्ही तपासलंत तेव्हा सगळं ठीक होतं. म्हणजे दोष तुमचा नाही, आमचाही नाही. मुळातच बसवताना कमी राहिली. म्हाताऱ्याचा हात थकला असेल, मॅडम. परवाना काढून घ्या, प्रकरण मिटवा. तुम्हालाही घरी लहान बाळ आहे म्हणे."

सगळं किती सोपं होतं. तिला तर फक्त झोपायचं होतं.

मिस्त्रीचं घर दोन खोल्यांचं. बातमी तिच्या आधी पोचली होती. म्हातारा उंबऱ्यापाशीच उभा होता. आत त्याची नात जमिनीवर बसून जुन्या नटांची माळ ओवत होती.

"बसा, बाई. पाणी घ्या आधी. चेहरा उतरलाय तुमचा."

"मिस्त्री, मला विचारायचंय..."

"विचारायचं काय त्यात? मी टांगलेला खोका बाईमाणसाच्या अंगावर पडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा." त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. "मावशी कशा आहेत?"

"शुद्धीत आहेत. तुम्ही नट कसे लावता ते सांगा."

"आत प्लॅस्टिकची कडी असलेले. ती कडी बोल्टला चावते, म्हणून हादऱ्यानं नट सुटत नाही. पण ती एकदाच चावते. काढलेला नट पुन्हा लावायचा नाही, दोन मिनिटांपूर्वी काढला असला तरी नाही. काढला की इकडे, हिच्या माळेत."

"नवा नट बोटानं फिरतो?"

"पान्याशिवाय? बोटाची सालपटं निघतील."

"आणि तार?"

"तार वेगळ्या कडीला. छतात तिची स्वतंत्र कडी ठोकली होती मी. दोन दोऱ्या एकाच खुंटीला बांधल्या तर ती एकच दोरी झाली की, बाई. खुंटी गेली की दोन्ही गेल्या."

"रेघ कशानं ओढता?"

त्यानं फळीवरून एक बाटली काढली. मंद विटकरी रंग, चमक नावाला नाही. "हिच्या आजीची. ती गेली तेव्हा सतरा बाटल्या निघाल्या घरात. लावायची कधी नाही, नुसत्या जमवायची. म्हटलं, कामाला तरी येतील."

मग तो उठला आणि भिंतीवरची चौकट खिळ्यावरून उचलून तिच्या हातात दिली. आत त्याचा परवाना होता. "तुम्हाला मागायला जड जाईल. म्हणून मीच देतो."

तिनं चौकट घेतली, पण पाहत होती ती भिंतीकडे. भिंत पांढरी होती. चौकट होती तिथे मात्र हिरवा चौकोन उघडा पडला होता.

"इथे हिरवा कसा?"

"रंग दिला तेव्हा चौकट भिंतीवरून उतरवली नव्हती. हात लावला की हरवतं, असं आमची सूनबाई म्हणते. मागे जुनाच रंग राहिला."

ती उभीच राहिली. करडं छत. चार बोल्ट. सगळं एकसारखं, स्वच्छ करडं.

"मिस्त्री, चला माझ्याबरोबर. आणि हा परवाना परत खिळ्यावर लावा."

वाटेत ती दवाखान्यात थांबली. मावशी प्लॅस्टरमध्ये होत्या, पण तोंड शाबूत होतं.

"काल-परवा झाडताना काही सापडलं, मावशी?"

"काय काय सापडतं सांगू? पण परवा तिसऱ्या रांगेत एक नट होता. ऑफिसात नेऊन दिला. मी काही ठेवून घेत नाही हो, बाई."

दुपारी तिघं जण रिकाम्या सभागृहात तिच्यासमोर उभे होते. व्यवस्थापक, साउंडवाला, आणि एका बाजूला, टोपी हातात घेऊन, मिस्त्री.

"छत कधी रंगवलं?" तिनं विचारलं.

"दोन महिने झाले," व्यवस्थापक म्हणाला. "त्याचा काय संबंध?"

"डाव्या कोपऱ्यात ओल होती?"

"थोडीशी. खरवडून घेतली."

"वर बघा. स्पीकरच्या ब्रॅकेटची पट्टी तीन वर्षं छताला टेकून होती म्हणता. मग तिच्याखाली जुना रंग हवा होता. चौकटीमागे राहतो तसा. तिथे नवा करडा आहे. पट्टी निघाल्याशिवाय ब्रश तिथे पोचत नाही. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी हा स्पीकर खाली उतरला होता. उजवीकडे ओल नव्हती, तो तसाच राहिला."

तिनं खिशातून एक नट काढला.

"परत टांगताना जुनेच नट वापरले. त्यांचा चावा गेलेला. मी एक बोटानं शेवटपर्यंत फिरवला. तारेची छतातली कडी ओलीबरोबर खरवडली गेली, त्यावर रंग बसला. मग तार ब्रॅकेटलाच अडकवली. ब्रॅकेट पडलं, त्याच्याबरोबर तारही पडली. हे मिस्त्रीचं काम नाही. मिस्त्री असलं काम झोपेतही करणार नाही."

"पण रेघ?" व्यवस्थापक म्हणाला. "लाल रेघ त्याचीच ना?"

तिनं नट तळहातावर धरून खिडकीपाशी नेला. उन्हात रेघ लुकलुकली. "मिस्त्रींच्या बाटलीत चमकी नसते."

साउंडवाल्यानं करंगळी मुठीत लपवली. मग मूठ आपोआप उघडली.

"मीच टांगला," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत वर पाहिजे. मिस्त्री लेकीच्या बाळंतपणाला गेलेले. मी म्हटलं, थांबू. ते म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा बघतो. रेघ नसती तर तुम्ही विचारलं असतं, म्हणून... बाटली लेकीची होती." तो खाली बसला. "मला वाटलं नव्हतं, मॅडम, नट असा सुटतो म्हणून."

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "चूक मोठीच आहे, आणि ती लिहिणार. पण परवा ज्याच्या हातात चौथा नट आला, त्याला कळायला हवं होतं." ती व्यवस्थापकाकडे वळली. "मावशींनी तो ऑफिसात दिला. तुमच्या काचेच्या वाटीत आहे, खोडरबराशेजारी. मी सकाळी पाहिला. त्याची रेघ खालच्या बाजूला असेल, म्हणून मला तेव्हा दिसली नाही."

"खुर्चीचा असेल असं वाटलं मला!"

"लाल रेघ असलेला? सकाळी तुम्हीच मला रेघ ओळखून दाखवलीत. ती रांग तुम्ही बंद केली असती तर कार्यक्रम पुढे ढकलावा लागला असता. मिस्त्रींना बोलावलं असतं तर ते म्हणाले असते, नवे नट येईपर्यंत सभागृह बंद. म्हणून रंगाच्या वेळी आणि परवाही तुम्ही गप्प बसलात. आणि आज सकाळी म्हाताऱ्याचा परवाना मागितलात."

व्यवस्थापकाचा आवाज पहिल्यांदा चढला. "सही तुमचीही आहे! रंगानंतर तुम्ही तपासलंत. आम्ही बुडालो तर तुम्हीही बुडाल."

"हो."

तो एवढाच शब्द. सभागृहात तो जरा जास्तच वाजला.

"त्या दिवशी माझ्या बाळाला ताप होता," ती म्हणाली. कुणाला सांगत होती, तिलाही कळलं नाही. "मला घरी जायची घाई होती. मी शिडी मागितली नाही. खालून बॅटरी मारली, रेघा सरळ दिसल्या, सही केली. चढले असते तर चमकी दिसली असती, तार दिसली असती. अहवालात तिसरं नाव माझं असेल."

मिस्त्री पुढे आला. "बाई, एवढं लिहायलाच पाहिजे का? घरी लेकरू आहे तुमचं."

"पहिलीची मुलं पण कुणाची तरी आहेत, काका."

म्हातारा टोपी डोक्यावर ठेवून मागच्या खोलीत गेला आणि लांब शिडी ओढत घेऊन आला. उजव्या स्पीकरखाली ती टेकवली, दोनदा हलवून पाहिली.

फोन वाजला. सासूबाई. मागे बाळ किंचाळत होतं.

"कधी येतेस गं?"

"आई, आज उशीर होईल. त्याला जरा पेज भरवा."

"पडलेला तर पडला. आता काय राहिलं तिथे?"

"न पडलेला राहिलाय."

तिनं फोन ठेवला, ओढणी कमरेला खोचली. मिस्त्रीनं खाली शिडी दोन्ही हातांनी धरली.

"सावकाश, बाई. मी धरलंय."

ती एक एक पायरी चढत गेली. वर पोचल्यावर तिनं पहिल्या नटावर बोट ठेवलं. मंद विटकरी रेघ, त्यावर करड्या रंगाचे शिंतोडे, सरळ. नट हलेना. तिनं दुसऱ्याकडे हात नेला.