प्रभुभोजनाची आदली दुपार

शहाण्णव सालची गोष्ट सांगतो. उन्हाळ्यातली शनिवारची दुपार होती. कवठे महांकाळच्या पलीकडे आमचं गाव. तिथल्या ख्रिस्ती मंदिरात मी पाव कापत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. पावाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, द्राक्षाचा रस पेल्यांत ओतायचा; मंडळीचा पंच म्हणून हे काम माझं. बाहेर वारा अगदी पडला होता.

आमच्यात एक रीत आहे. पावाचं ताट बाकांवरून फिरतं; मनात पाप दडवलेल्यानं त्याला हात लावायचा नाही, ते तसंच पुढे सरकवायचं. मी मात्र नऊ वर्षं बिनदिक्कत खात आलो होतो.

नऊ वर्षांपूर्वी मी इथे कंदील जळता विसरलो आणि व्यासपीठावरचं जुनं पवित्र शास्त्र, आमचं बायबल, जळून गेलं. मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. म्हणालो, "अर्जुनाबाबांची बिडी असेल." म्हातारा झाडलोट करायचा. त्याला एका शब्दानं न विचारता पाळकसाहेबांनी त्याचं प्रभुभोजन बंद केलं. सहा वर्षं तो मागच्या बाकावर बसून ताट पुढे सरकवत राहिला आणि तसाच मेला.

पाव कापता कापता बिडीचा वास आला... दार तर मी आतून लावलं होतं. मागचा बाक करकरला.

"सुमंता... उद्या तरी मला मिळंल का रं?"

अर्जुनाबाबा बसला होता. ज्यात आम्ही त्याला पुरला तोच पांढरा सदरा. पुढे पसरलेल्या हाताला कोपरापर्यंत माती.

"बाबा... मी..."

"मी कवाच माफ केलंय. देव बी करतोय रं... तू मागतच न्हाईस."

उठलो आणि एक तुकडा त्याच्या तळव्यावर ठेवला. तळवा चांगला ऊबदार होता. पापणी लवली, तर बाक रिकामा.

मी धावतच त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुलाबाई दारातच बसल्या होत्या. पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं.

"लय उशीर केलास, बाबा," त्या म्हणाल्या. "पर आलास. ऊठ, पानी पी."

रविवारी भर मंडळीसमोर मी पाप कबूल केलं. लोक तोंडावर थुंकतील असं वाटलं होतं. सुलाबाईंनी उठून ताट आपल्या हातानं माझ्यापुढे धरलं. मला रडू कोसळलं. एवढी दया मिळावी असं मी काय केलं होतं? काहीच नाही. प्रभूचे उपकार मी जन्मभर मानीन. चौकशी न करता शिक्षा दिल्याबद्दल पाळकसाहेबांनी मात्र सुलाबाईंची माफी मागितली नाही.

पुढच्या महिन्यात, पुन्हा शनिवारी, पाव कापताना अर्जुनाबाबा दिसला. या खेपेला मी भ्यालो नाही.

"बाबा, आता काय राहिलं?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता. मातीचा हात त्यानं दाराकडे पसरला होता, आणि दारातून पाळकसाहेब आत येत होते.