सात नंबरची बोहनी

ज्याला हे खोटं वाटेल, त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला पटवायची हौस नाही.

ही गोष्ट माझ्या मावसभावाची, संघपालची. गेल्या डिसेंबरातला शनिवार. ठिकाण, लातूरच्या बसस्टँडमागचं एक लॉज. नाव सांगणार नाही. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. चांगलं डोक्यावर ऊन होतं.

संघपाल नांदेडला एका छोट्या कंपनीत आहे. काम नव्या जमान्याचं. तुम्ही मोबाईलमधल्या एआयला म्हणता ना, "लातुरात खोली बघ"? त्या एआयला लॉज शोधून देणारं यंत्र या लोकांनी बनवलंय. यंत्र लॉजमालकाला मेसेज टाकतं, "खोली आहे का?" मालक हो किंवा नाही कळवतो. तेच उत्तर एआय तुम्हाला सांगतं. खोली कुठली, कशी, यंत्र विचारत नाही. हो म्हटलं की हो.

त्या शनिवारी त्याची बायको धम्मप्रिया परीक्षेसाठी लातूरला निघाली होती. शिक्षक भरतीची परीक्षा, रविवारी सकाळी. वय निघून चाललेलं, शेवटचीच संधी. परीक्षेमुळे सगळं लातूर भरलेलं. लोह्याच्या पुढे एसटीतूनच तिनं मोबाईलला विचारलं.

लगेच उत्तर आलं. एक खोली आहे.

संघपालची कॉलर ताठ! आपण बनवलेलं यंत्र आपल्याच बायकोच्या कामी आलं. दुपारी त्यानं आभार मानायला लॉजमालक मलप्पाला फोन लावला.

"मालक, तुम्ही खोली दिली ना, ती माझीच बायको."

मलप्पा एकदम दचकला.

"तुमची बायको? माणूस आलंय व्हय तिथं?"

"म्हणजे?"

"साहेब, मला वाटलं मशीनच विचारून राहिलंय. मशीन कुठं ऱ्हायला येतंय? सगळ्या खोल्या भरल्या हायेत. पण सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावली अन् पैलं गिऱ्हाईक तेच. बोहनीला न्हाई म्हणत नसतेत साहेब, माझ्या बापानं बी कधी म्हणलं न्हाई. म्हणून हाय म्हणलं."

"मग चावी कुणी दिली?"

"पुतण्यानं दिली आसंल. त्याला काय ठाव! मी उदगीरला लग्नात हाय. साहेब, रिकामी हाय ती फकस्त सात नंबर, अन् ती आमी कुणाला देत न्हाई. तिथं एक बाई आली होती... नवरा फोनवर म्हणायचा, निघालो, येऊनच राहिलो. तो काय आला न्हाई. बाईबी तिथून जित्ती निघाली न्हाई. तुमी त्यास्नी भायेर काढा, लगीच."

संघपालच्या पायाखालची वाळू सरकली. भूतबित मानणारं घर नव्हे ते. त्याचे वडील असल्या गोष्टी सांगणाऱ्याला दारातूनच हाकलायचे. तरी त्या घडीला मलप्पाचं खरं वाटलं, हे त्यानंच मला सांगितलं.

त्यानं धम्मप्रियाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मी बाहेर पडले. समोरच्या खानावळीत जेवतेय. तुम्ही येऊ नका."

बरं वाटलं त्याला. पण खानावळीत ताटांचा आवाज असतो, रस्त्यावर हॉर्न असतात. तिच्या आवाजामागे काहीच नव्हतं...

त्यानं मोटारसायकल काढली.

लोह्याला थांबून परत फोन केला.

"येऊ नका म्हटलं ना."

अहमदपूरला परत.

"कशाला येतोस? कुणी बोलावलं तुला?"

लग्नाला नऊ वर्षं झाली. धम्मप्रियानं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तो लातूरला पोचला तेव्हा ऊन कललं होतं. खानावळीत बघितलं, नव्हती. तिथला माणूस म्हणाला, अशी कुणी बाई आज आलीच नाही. तो धावत लॉजवर गेला, जिना चढला. बाकी सगळ्या खोल्यांतून पोरं मोठ्यानं पाठांतर करत होती. सात नंबरसमोर आला आणि त्या पोरांचे आवाज बंद झाले.

आतून बारीक आवाज येत होता. केसांतून फणी फिरवल्यासारखा...

"प्रिया! दार उघड!"

फणी थांबली.

मग रडका आवाज आला, "नाही उघडणार. तुम्हीच सांगितलंय फोनवर. काही झालं तरी उघडू नको, कुणी माझ्या आवाजात बोललं तरी नको. दुपारपासून दहा वेळा सांगितलंय तुम्ही!"

त्यानं तिला असा एकही फोन केला नव्हता.

मग त्यानं दारावर लाथा घातल्या. तिसऱ्या लाथेला कडी तुटली.

धम्मप्रिया कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केस नीट विंचरलेले, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. पलंगाच्या दोन्ही बाजूंची चादर दबलेली. तिचा मोबाईल बंद पडला होता. "कधीपासून बंद आहे?" असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, एसटीतून उतरल्यापासून.

त्यानं तिचा हात धरून तिला तसंच खाली आणलं. परीक्षा गेली बोंबलत. त्याच रात्री दोघं नांदेडला परतले. कंपनीत त्यानं भांडून ते लॉज यंत्रातून काढायला लावलं. साहेब हसले त्याला. हसणाऱ्यांचं काय जातंय!

तेव्हापासून फोनवरच्या आवाजावर दोघांचाही भरवसा उरला नाही. म्हणून त्यांनी एक प्रश्न ठरवला. आपण मुखेडच्या बाजारात पहिल्यांदा भेटलो, तेव्हा हातात काय होतं? उत्तर, पिठाची चाळणी. हे त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. फोन आला की आधी प्रश्न, मग बोलणं.

दोन महिने सुखाचे गेले.

मग एका रविवारी सकाळी संघपाल घरी चहा घेत बसला होता. समोर धम्मप्रिया मेथी निवडत होती. त्याचा फोन वाजला.

स्क्रीनवर तिचंच नाव.

तिचा मोबाईल तर तिच्या शेजारी, चटईवर पडलेला...

त्यानं फोन कानाला लावला. पलीकडे धम्मप्रिया रडत होती. घसा पार बसलेला.

"अहो, कधी येताय? मी दार उघडलंच नाही हो. तुम्ही सांगितलं तसंच बसलेय."

संघपालनं कसाबसा ठरलेला प्रश्न विचारला.

"चाळणी," ती हुंदके देत म्हणाली. "पिठाची चाळणी."

फोन कट झाला.

त्यानं समोर बघितलं. तिनं मान वर केली नव्हती. त्यानं तिलाही तोच प्रश्न विचारला.

तिनं मेथीची एक काडी मोडली. मग शांतपणे म्हणाली,

"तिनं काय सांगितलं, ते आधी सांग."

संघपाल त्याच दुपारी लातूरला जाऊन आला. सात नंबरला बाहेरून नवीन कुलूप होतं. मलप्पानं उघडून दाखवलं. आत कुणी नव्हतं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं. मी खाली मान घालून जेवलो. त्यांच्याकडे एकदाही बघायची माझी हिंमत झाली नाही.