मिशीवाला वैमानिक

कात्रणवाली त्या दिवशी बंद पडलेल्या छापखान्यात गेली ती नेहमीसारखी जुन्या मोटारींच्या जाहिराती धुंडाळायला. तिचा तो नादच होता. शंभर वर्षांपूर्वी मैदानावर विमानांचे खेळ व्हायचे, तेव्हा मोटारवाले आपली गाडी विमानापुढे उभी करून जाहिरात काढायचे: ‘आभाळात जे इंजिन, तेच आमच्या मोटारीत!’ एकाच खेळाच्या अशा सतरा जाहिराती तिनं जमवल्या होत्या, आणि सतराही जाहिरातींत विमानात बसलेला तोच मिशीवाला.

तिथंच घोडं पेंड खात होतं. आई सांगायची, त्या खेळात विमान उडवलं ते तिच्या स्वतःच्या आजीनं. शाळेत हे बोलली म्हणून आईला पोरींनी ‘थापाडी’ नाव ठेवलं आणि ते थेट सासरपर्यंत चिकटून आलं. आता आईला ब्याऐंशीवं लागलं होतं. चार दिवसांनी जाहिरातींचं प्रदर्शन भरणार होतं. पुरावा मिळाला तर आत्ताच, नाहीतर आई थापाडी म्हणूनच जाणार.

आणि छापखान्याच्या फळीवर तिला मूळ फोटोच सापडला, जाहिरात ज्यावरून छापली तो. पुढे मोटार, तिला रेलून उभा कारखान्याचा मालक, मागे विमान. चाचपलं तर वैमानिकाच्या तोंडावर रंगाचा थर. घरी आणून ओल्या कापसानं पुसलं. मिशी गेली, आणि खाली चक्क एक बाई. हनुवटीवर तीळ, आईला आहे अगदी तिथंच.

दुसऱ्या दुपारी खोली उघडली तर मिशी परत आलेली. रंग ओला होता. कुलपाची किल्ली तर तिच्याच कमरेला. धाकट्या भावावर ती बरसली, त्यानं गळ्याची शपथ घेतली. तिनं पुन्हा पुसलं. तिसऱ्या दुपारी पुन्हा मिशी, आणि खोलीभर रंगात कालवायच्या डिंकाचा वास. भावानं भिंतीकडे बोट केलं. आईच्या लग्नाच्या फोटोत, काचेच्या आत, शालूतल्या आईला तीच मिशी फुटली होती.

भाऊ दाराकडे सरकला. “ताई... जाळून टाक ते. आईवर आलंय आता...”

कात्रणवाली घाबरली होती, नाही कशाला म्हणा. पण त्याहून जास्त तिचं डोकं फिरलं होतं. मालकाच्या सांगण्यावरून मिशी रंगवणारा तो छापखान्यातला माणूस, मेला तरी खोड जात नाही याची! तिनं काच काढून आईचं तोंड पुसलं, भावाला बाहेर घालवलं आणि फोटो मांडीवर घेऊन बसली.

“तू रंगव,” ती रिकाम्या खोलीला म्हणाली. “मी पुसते. बघू कोण आधी दमतं ते.”

थोड्या वेळानं पेल्याच्या काठावर ब्रश झटकल्यासारखं वाजलं. टक्... टक्. पणजीच्या ओठावर एक काळा केस उमटला. तिनं पुसला. दुसरा उमटला. तोही पुसला. मानेवर कुणाचा तरी गार श्वास लागत होता, तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही. बोटं बधिर झाली, तेव्हा कापूस डाव्या हातात घेतला. दिवेलागणीला आवाज एकदम थांबला, मधेच कुणी मनगट धरावं तसा.

तिनं फोटो उजेडात धरला. पणजीचं तोंड स्वच्छ होतं. मोटारीला रेललेल्या मालकाचं मात्र नव्हतं. तिथं पांढऱ्या रंगाचा थर होता, वाळून तडे गेलेला, शंभर वर्षांचा वाटावा असा. तिनं कापूस घासघास घासला, पण तो हलेना.

मग ती फोटो घेऊन आईकडे गेली. आईनं तीळ पाहिला आणि कितीतरी वेळ रडली. रडता रडता आजीच्या हातावरून बोट फिरवलं आणि थबकली.

“हिचे हातमोजे काळे होते ना गं?”

काळेच होते. आता दोन बोटांची टोकं पांढरी दिसत होती. आईच्या बोटालाही पांढरं लागलं होतं... ओलं.

कात्रणवालीनं कापूस पुढे केला. आईनं तिचा हात बाजूला सारला.

“राहू दे,” आई म्हणाली. “त्याचं तोंड आजीनंच रंगवलंय. पुसू नकोस.”