आरशातला टीव्ही

स्मृतिकलमाला येताना डोक्याला तेल लावू नये, असं केंद्राने दोनदा कळवलं होतं. उज्ज्वला तरीही चपचपीत तेल लावून गेली. रविवार होता, आणि रविवारी केसांना तेल लावायचं हे तिच्या हातांना पन्नास वर्षं माहीत होतं. निरोप फक्त डोक्याला मिळाला होता. धातूच्या बारीक टिकल्या केसांवरून घसरायला लागल्या, तशी तंत्रज्ञ मुलगी, बनसोडे तिचं आडनाव, तिला बेसिनपाशी घेऊन गेली.

"ताई, तू लग्नातसुद्धा अशीच आली होतीस," शेजारच्या खुर्चीतून धाकटी दीप्ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"माझ्या."

दीप्तीचे केस अर्थातच कोरडे, मऊ आणि तयार होते. तिचं सगळंच नेहमी असं वेळेवर तयार असतं, हे उज्ज्वलाने ओल्या डोक्याने आणखी एकदा नोंदवून ठेवलं.

दोघी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढल्या. वीज तयार करणाऱ्या माणसाने मुलींची नावं दुसरी काय ठेवावीत! अण्णा बॉयलरवर होते. दुसरी पाळी संपवून साडेअकराला घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही आवाज अगदी बारीक करून लावायचे. कधी केबलवाल्याने लावलेला जुना सिनेमा, कधी सातासमुद्रापलीकडे चाललेला क्रिकेटचा सामना. आणि त्यांना टेकून नऊ वर्षांची दीप्ती बसलेली. तिला दमा होता. आडवी झाली की धाप लागायची, म्हणून तिला जागायची मुभा होती. उज्ज्वला दहावीत होती, म्हणून तिला मुभा नव्हती. आईचा हुकूम होता, दहाला दिवा बंद आणि साडेचारला उठून अभ्यास.

पण आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं. त्याच्या दाराला आरसा होता आणि ते दार नीट बसायचं नाही. अर्धवट उघडं राहिलं की बाहेरचा टीव्ही आरशात दिसायचा. उज्ज्वलाने दहावीचं पूर्ण वर्ष चोरून असा टीव्ही पाहिला. सिनेमाची नावं उलटी वाचायला शिकली. अण्णा मध्येच आत डोकावायचे तेव्हा डोळे गच्च मिटून घ्यायची. एकदा शाळेत तिने छातीठोकपणे सांगितलं की अमुक फलंदाज डावखुरा आहे, आणि सगळा वर्ग तिला वर्षभर हसला. आरशातले सगळेच डावखुरे असतात हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं.

तर चोरीचा, उलटा, बिनआवाजाचा टीव्ही तिच्या वाट्याला आला आणि सुलटा टीव्ही, अण्णांच्या कुशीसकट, दीप्तीच्या. चाळीस वर्षं ती या वाटणीवर जळत होती. अण्णा गेल्यावर मागायला काही उरलं नाही असं वाटत असताना स्मृतिकलमाचं तंत्र निघालं, आणि तिने दीप्तीकडे तसली एक रात्र मागितली.

पद्धत तशी समजायला सोपी होती. माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती आठवण काही वेळ मळलेल्या कणकेसारखी मऊ होते, मग पुन्हा घट्ट बसते. ती मऊ असताना यंत्र तिचा छाप उचलतं आणि दुसऱ्याच्या मेंदूत रुजवतं. अडचण एकच होती. ज्याच्याकडून छाप उचलला, त्याच्याकडे ती आठवण नंतर फिकी होत जाते. ढोबळ काय घडलं ते कळतं, पण बारकावे आणि त्यातलं अंतरंग राहत नाहीत. बनसोडेने हे दीप्तीला तीनदा वाचून दाखवलं होतं आणि तीनदा सही घेतली होती.

"अजून विचार कर," उज्ज्वला म्हणाली. म्हणायचं म्हणून म्हणाली.

"माझ्याकडे अशा रात्री पुष्कळ आहेत गं. त्यातली एक घे. कुठली द्यायची ते मी ठरवलंय."

पुष्कळ! या एका शब्दावर उज्ज्वलाने डोळे मिटले ते रागानेच.

आणि आधी धाप आली.

ती तिने मागितली नव्हती. छातीवर कुणी गुडघा रोवून बसलंय असा श्वास, गळ्यात शिट्टी, खांदे कानांपर्यंत उचललेले. दीप्ती लाडाने नव्हे, जीव मुठीत धरून बसायची हे उज्ज्वलाला पहिल्यांदा कळलं. मग पाठीला अण्णांची छाती लागली. कोळशाचा आणि साबणाचा वास. अण्णा भाजलेले शेंगदाणे चोळून, सालं फुंकून एकेक दाणा तिच्या तळहातावर ठेवत होते. समोर सुलट्या मैदानावर ऊन पडलेलं. उज्ज्वलाला वाटलं, मिळालं. एवढंच तर हवं होतं.

तेवढ्यात अण्णा उठले. षटक अर्धं राहिलेलं, तरी उठले. आत गेले. छोट्या दीप्तीला दारातून सगळं दिसत होतं. अण्णांनी कपाटाचं दार हळूच पुढे ओढलं, टीव्हीकडे बघितलं, आणखी बोटभर ओढलं, आणि वर्तमानपत्राची घडी घालून दाराखाली सरकवली. परत येऊन म्हणाले, "सरक थोडी बाळा. मधे येतेस."

"कुणाच्या?"

"आत एक प्रेक्षक आहे. तिला बिचारीला सगळे डावखुरेच दिसतात." आणि आवाज न करता, खांदे हलवत हसले. "सांगू नकोस हं तिला. चोरून बघण्यात मजा असते."

पोर सरकली. पाठ अण्णांच्या छातीवरून सुटली, तिथे गार हवा लागली, आणि धाप लागलेल्या त्या छातीत आणखी काहीतरी चढत गेलं. काय, ते उज्ज्वलाला कुणी सांगायला नको होतं. त्याची चव तिच्या चांगली ओळखीची होती. आपण आजारी म्हणून जवळ, आणि ती काही न करता, नुसती झोपेचं सोंग घेऊन, अण्णांना सामन्यातून उठवते. कधीच सांगणार नाही तिला, पोरीने ठरवलं. अण्णांनी सांगू नकोस म्हटलं होतं म्हणून नव्हे.

तासाभराने दोघी केंद्राच्या उपाहारगृहात चहा घेत बसल्या. उज्ज्वलाचे केस अजून ओले होते.

"बघ, आत्ताच पुसट झालंय," दीप्ती म्हणाली. "सामना होता, शेंगदाणे होते, हे कळतंय, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं." कप तिने बशीत ठेवला. "एक विचारू? हीच रात्र मी मुद्दाम निवडली होती. तुला काहीतरी कळावं म्हणून. बोलून सांगायचं धाडस झालं नसतं, एवढं लक्षात आहे. पण काय ते आता सापडत नाहीये. तुला सापडलं का गं?"

उज्ज्वलाने तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं हे माणूस गप्प राहिलं, याचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या आडून नऊ वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन आतल्या खोलीकडे टक लावून बघत होती, आणि तिथे पलंगावर डोळे मिटून पडलेली ती भाग्याची दहावीतली मुलगी उज्ज्वलाला सहन होत नव्हती. ती आपणच, हे ठाऊक असूनही होत नव्हती.

सांगावं, तर दीप्तीचा अपराध तिला परत मिळेल, पण ज्या जळण्यातून तो घडला ते आता तिच्यापाशी नाही. नुसता अपराध. न सांगावं, तर पुन्हा एकदा एक बहीण गप्प.

"सापडलं," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य जुळवता जुळवता थांबली. क्षमा करायची होती, पण जिने लपवलं ती आता समोर बसलेली होती, की इथे, आपल्या छातीत धापा टाकत होती?