टीप : आकड्यावर परिणाम नाही

"अहो बाई, उतरा! वजन वाढतंय!"

भर कारखान्याच्या फाटकात, दहा माणसांच्या देखत, असं कुणी ओरडलं तर कुठली मुलगी प्रेमात पडेल? मी तर मुळीच पडले नाही. मी आधी खाली बघितलं. पायाखाली भलामोठा लोखंडी पत्रा, शेजारी जुन्या फोन-कॉम्प्युटरांच्या सर्किट बोर्डांनी शिगोशीग भरलेला ट्रक... आणि ट्रकच्या वजनकाट्यावर ऐटीत उभी राहून आईशी फोनवर बोलणारी मी.

"साठ किलो जास्त दाखवतोय काटा," पांढऱ्या कोटातला तो उंच माणूस म्हणाला. तेही मोठ्याने.

"छप्पन्न!" मीही मोठ्यानेच म्हटलं.

हशा पिकला. फोनमध्ये आई विचारत होती, "काय गं, छप्पन्न काय?" मी फोन बंद केला.

"काटा वीस-वीसच्या टप्प्याने सांगतो," तो जरा वरमून म्हणाला. "छप्पन्नला साठच म्हणणार बिचारा."

"मग तसं सांगायचं... दहा किलो इकडे-तिकडे. आकडा द्यायचा तर त्यातली चूकही द्यावी माणसानं."

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "म्हणजे त्या धातूंच्या मॅडम तुम्हीच! या. मी इथल्या प्रयोगशाळेत असतो. सगळे मला मिलिग्रॅम म्हणतात."

का म्हणतात, ते पुढच्या दहा मिनिटांत कळलं. हा माणूस चहात साखरसुद्धा मोजून घालत होता.

माझं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. फोनमध्ये जे सोनं, चांदी, तांबं असतं त्याचं कूळ-मूळ मी शोधते. जुन्या बोर्डांतून एक ग्रॅम सोनं परत मिळवायला किती वीज लागली, किती आम्ल, किती पाणी, धूर किती निघाला, वाया काय गेलं... सगळं एका मोठ्या तक्त्यात मांडायचं. मग जगात कुणालाही फोनचा हिशेब करायचा झाला की तो माझा तक्ता उचलणार. आजवर जो तक्ता सगळे वापरत होते, त्यातले अर्धे आकडे कुणीतरी वीस वर्षांपूर्वी अंदाजपंचे ठोकून दिलेले होते. ते बदलायचे, हे माझं स्वप्न. माझ्या नावावर जाणारा हा पहिलाच तक्ता होता आणि त्यावर माझं अख्खं वर्ष खर्ची पडलं होतं.

"आकडे मागायला पुष्कळ लोक येतात," मिलिग्रॅम म्हणाला. "चहा पितात, फोटो काढतात, जातात."

"आणि आकडे द्यायची टाळाटाळ करणारे तुमच्यासारखे छप्पन्न पाहिलेत मी!"

"छप्पन्न?" त्याने भुवई उचलली. "नक्की? की काट्यावर साठ?"

मला हसू आवरेना. त्या दिवसापासून माझं नाव पडलं छप्पन्न.

मग मी दर बुधवारी जायला लागले. तो मला सगळं दाखवायचा. बोर्ड जाळून, दळून केलेली करडी पूड, छोटी भट्टी, आणि शेवटी उरणारा सोन्याचा मणी... खसखशीच्या दाण्याएवढा. तो काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर ठेवताना मिलिग्रॅम एकदम गंभीर व्हायचा.

"श्वास रोखा."

मी रोखायचे. त्याचा कोपर माझ्या कोपराला लागलेला असायचा. दोघांचे डोळे आकड्यांवर, आकडे हळूहळू स्थिर होत जाणारे... फक्त माझं काळीज तेवढं स्थिर नसायचं.

"एक विचारू?" असाच मणी मोजून झाल्यावर त्याने एकदा म्हटलं. "तुमचा एक नियम आहे ना... वजनात एक टक्क्याहून कमी असेल ते सोडून द्यायचं?"

"आहे."

"मग सोनं सोडायला हवं. बोर्डात असतं किती ते!"

"सोन्याला नियम लागू नाही. वजनानं काहीच नाही, पण पर्यावरणावर सगळ्यात जास्त भार तेच टाकतं."

"अच्छा..." तो चिमटा पुसत राहिला. "आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास. त्यातले दीड तास तुम्ही इथे. एक टक्क्याहून कमीच झाले की."

मी पर्स उचलली आणि चुकून कपाटाच्या दारातून बाहेर पडायला गेले.

मधल्या दिवसांत तक्ता ईमेलने जा-ये करायचा. त्यात प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने होते. 'कशावरून', म्हणजे मोजलेला, काढलेला की अंदाजाचा. आणि शेवटी 'टीप'. हा टिपेचा रकाना सहसा रिकामाच असतो. मिलिग्रॅमने मात्र तो मनावर घेतला.

वीज : मीटरवरून. टीप : मीटर वाचताना तुमची आठवण झाली. आकड्यावर परिणाम नाही.

मी तडक उत्तर लिहिलं : कृपया तांत्रिक टिपाच लिहाव्यात.

पाणी : मोजलेलं. टीप : बुधवारी निळा ड्रेस छान दिसत होता. पाण्याशी संबंध नाही.

यावर मी खरं तर रागवायला हवं होतं. मी खाली लिहिलं : तो निळा नाही, मोरपंखी. दुरुस्ती करावी. झालं! तिथून माझाही तोल सुटला. आम्ल, कोळसा, धूर... आमच्या टिपा आकड्यांपेक्षा लांब होत गेल्या. घरी जेवताना मी आपली हसायचे आणि आई म्हणायची, "अगं, तक्त्यात असतं तरी काय एवढं?"

"गळती असते, आई."

"मग हसतेस काय, बुजव ना!"

गळतीचाच आकडा तेवढा राहिला होता. भट्टीतून जी काळी मळी निघते, तिच्यात किती चांदी वाया जाते? हा रकाना सहा बुधवार रिकामा राहिला. तो म्हणायचा, "अजून एकदा मोजतो." मी म्हणायचे, "घाई नाही." खरं तर मुदत तोंडावर आली होती, पण तो आकडा मिळाला की माझं तिथलं काम संपणार होतं. मग बुधवारी कुठल्या निमित्ताने जायचं?

शेवटच्या दिवशी दुपारी आकडा आला. मी तो घाईघाईने भरला, तक्ता तपासनीस बाईंना पाठवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मग ताडकन उठले.

टिपा! टिपांचा रकाना मी पुसलाच नव्हता...

या तपासनीस बाईंना आमच्या क्षेत्रात चाळणी म्हणतात. साठी उलटलेल्या, चष्मा नाकाच्या टोकाला. त्यांच्या चाळणीतून खोटा आकडा म्हणून आजवर गेलेला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं, आणि मिलिग्रॅमलाही.

खोलीत आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे शेजारी बसलो. बाईंनी छापील कागद पुढे ओढला आणि शांतपणे वाचलं, "पाण्याशी संबंध नाही."

माझे कान तापले. मिलिग्रॅम छताचा पंखा न्याहाळू लागला.

"तुमचं काय ते तुमचं," बाई म्हणाल्या. "मला एकच सांगा. आकडे देणारा आणि घेणारी, दोघं एकमेकांवर खूश. मग या आकड्यांवर मी विश्वास का ठेवू? मी नाही म्हटलं, तर वीस वर्षांपूर्वीचा जुना तक्ताच चालू राहील. आणि तुझं वर्ष वाया."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चूक सर्वस्वी माझी होती.

"आणि ही चांदीच्या गळतीची टीप," बाईंनी बोट ठेवलं. "'आकडा मुद्दाम उशिरा देतोय, म्हणजे तुम्ही येत राहाल.' काय हो, आकडा मोजलाय की बसल्या बसल्या रचलाय?"

मिलिग्रॅमने पिशवीतून वही काढून पुढे ठेवली. "चार वेळा मोजलाय. तारखा आहेत."

बाईंनी पानं उलटली. मग चष्म्यावरून बघितलं. "हा तर सहा आठवड्यांपूर्वीच मोजून झालाय!"

"हो..."

"आणि तुमच्या कारखान्याला शोभणारा नाही. गळती जुन्या अंदाजाच्या दुप्पट आहे."

"आहे तेवढी आहे," तो म्हणाला. "लपवायची असती तर कमी लिहून पहिल्याच आठवड्यात दिली असती. मी आकडा दाबला, बाई, बदलला नाही. यांच्यासाठी तर मुळीच बदलला नसता. यांना खोटा आकडा दिला असता तर... यांच्याकडे परत बघता आलं नसतं मला."

मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्या क्षणी मला अगदी स्वच्छ कळलं की मी या माणसावर प्रेम करते. यात अंदाज काहीच नव्हता.

बाईंनी पेन उचललं. "स्वतःच्या घरची गळती जो चारदा मोजून कळवतो, त्याचे बाकीचे आकडे मला चालतील. तक्ता मंजूर. टिपा तेवढ्या पुसा गं." मग किंचित थांबून म्हणाल्या, "ती मीटरची राहू दे. 'आकड्यावर परिणाम नाही.' मी तपासलं, खरंच नाही."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. काम नव्हतं, निमित्त नव्हतं, तरी मी गेले. मोरपंखी ड्रेस घालून. तो फाटकातच उभा होता.

"आज कुठला आकडा हवाय?" त्याने विचारलं.

मी त्याच्या कोटाची बाही धरली आणि त्याला ओढत वजनकाट्यावर नेलं. काट्यावर ट्रक नव्हता, आम्ही दोघंच. पाटीवर आकडे लुकलुकले आणि थांबले... एकशे वीस.

"मी अडुसष्ट, तुम्ही छप्पन्न," तो पुटपुटला. "एकशे चोवीस हवेत. चार किलो कमी दाखवतोय."

"असू दे. हलकं वाटतंय ना?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "माझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत म्हणाला होतात..."

"तो अंदाज होता रे." माझ्या तोंडून 'रे' कधी निसटलं, मला कळलंही नाही. "नंतर नीट मोजलं. एकच निघाला."

"कशावरून?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला जवळ सरकावं लागलं.

"श्वास रोख," मी म्हटलं, "सांगते."