शब्दरोवणी

भाकरी थापता थापता शालनने कानामागची टिकली दाबली. चार वर्षांपूर्वी कपाळावरची काढून ठेवली होती. ही त्याच आकाराची, पण बोलणारी.

"स्टबर्न," टिकली कानात कुजबुजली. "आपला हेका न सोडणारा. एखादी आठवण काढा."

शालनला फार लांब जावं लागलं नाही. थंडीत काकडत उभा असलेला, तरी स्वेटरला हात न लावणारा तिचा नवरा, रामदास, लगेच समोर आला. टिकलीने त्यातूनच वाक्य करून दिलं: माय हजबंड इज स्टबर्न.

"त्याच्या जिवंतपणी माझं कुणी ऐकून घेतलं नाही," शालन तव्याला म्हणाली, "आता इंग्रजीत तरी नोंद झाली."

तिची मुलगी प्राजक्ता परदेशात नर्स होती, सहा महिन्यांची गरोदर. बाळंतपणाला येणाऱ्या आईनेही बाराशे इंग्रजी शब्दांची परीक्षा द्यावी, असा तिकडचा नवा नियम. आठवीत शाळा सुटलेल्या, वीस वर्षं शिवणकाम केलेल्या शालनला घोकून काही राहीना. म्हणून विट्याच्या इंग्रजी शिकवणाऱ्या केंद्रातून तिने ही टिकली आणली. तिथल्या अस्मिताने समजावलं होतं की आठवण काढली की ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ होते. तेवढ्यात तिच्यात शब्द रोवायचा. आठवण जितकी खोल, तितका शब्द पक्का. शालनने सहलीच्या, शेजारणीच्या लग्नाच्या आठवणी देऊन पाहिल्या, पण ते शब्द दोन दिवसांत गळाले. रामदासच्या आठवणींत मात्र सगळे मुळं धरत. मग तिने अख्खा संसारच त्या कामी लावला.

एका दुपारी प्राजक्ताने फोनवर सहज विचारलं, "आई, आपल्या दारात बोअरला पाणी लागलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते गं?"

शालनने डोळे मिटले. बोअरच्या गाडीवरून उतरलेला, चिखलाने माखलेला रामदास तिच्याकडे वळला, हसला आणि म्हणाला, "वी हॅव फाउंड वॉटर, माय डिअर."

ज्या माणसाने चारचौघांत तिला कधी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती, तो.

घाबरून तिने दुसरी आठवण काढली, मग तिसरी. जत्रेत, दवाखान्यात, प्राजक्ताच्या बारशात, सगळीकडे रामदास टिकलीच्या आवाजात शुद्ध इंग्रजी बोलत होता.

"विसरले बाई," ती फोनवर म्हणाली.

केंद्रात अस्मिताने मान खाली घातली. नव्या शब्दाचं मूळ बसलं की आठवणीतले जुने बोल परत येत नाहीत, हे तिने हळूच सांगितलं. "काकू, फॉर्मवर लिहिलं होतं हे."

"इंग्रजीत?"



घरी येऊन शालनने त्याचा खरा आवाज ऐकायला फोनमधले व्हिडिओ काढले. रामदासला फोनसमोर उभं राहायचा कंटाळा. होते ते सगळे त्याच्या बोअरच्या कामावरचे. ओठ हलत होते आणि मशीनचा कॉम्प्रेसर ओरडत होता.

परीक्षेला अकरा शब्द कमी होते आणि खोल आठवण एकच उरली होती. ती तिने टिकलीला हुंगूही दिली नव्हती. शेवटची सकाळ. दारात चपला घालता घालता तो म्हणाला होता, "शाले, चहात साखर इसरलीस बघ. ऱ्हाऊ दे, ग्वाड लागला."

संध्याकाळी तिने प्राजक्ताला सगळं सांगितलं. 

"ऱ्हाऊ दे, आई," प्राजक्ता म्हणाली. "नको येऊस. माझं मी बघते."

 'ऱ्हाऊ दे' म्हणताना शेवटचं अक्षर ओढायची तऱ्हा थेट बापाची होती. शालनला ती ऐकून भरून आलं, आणि त्याच क्षणी कळलं की ही पोर तिकडे एकटी बाळंत होणं आपल्याला सोसणार नाही.

तिने कानामागे बोट नेलं.

"कम्फर्ट," टिकली म्हणाली. "दिलासा. एखादी आठवण काढा."

आठवणीतल्या दारात चपला वाजल्या. शालनने रामदासला उंबऱ्यावरच थांबवून धरलं, तोंड उघडू दिलं नाही. आजोबा कसे बोलायचे हे बाळाला सांगायचं, तर आधी बाळापर्यंत पोचायला हवं. आणि पोचल्यावर सांगायला काय उरणार होतं?