चकितांक शून्य

नाशिकच्या गृहशिक्षण पडताळणी केंद्रात दुपारी तीन वाजता रुद्राणी शेलारचे बत्तीस चित्रपाठ पडद्यावर ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकापुढे एकच आकडा होता. शून्य.

"असं होऊच शकत नाही," डॉ. मेदिनी कुलथे म्हणाल्या. मेंदूविज्ञानात त्यांचा मोठा दबदबा होता आणि चकितमापक त्यांनीच बनवलेला, त्यामुळे त्याची तक्रार आली की ती त्यांच्या जिवाला लागायची.

काचेपलीकडे सतरा वर्षांची रुद्राणी आणि तिची आई स्वरा बाकावर अवघडून बसल्या होत्या. स्वरा गावोगाव फिरून पंपांच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून द्यायची. आज सिन्नर, उद्या येवला. शाळा कुठली पकडणार? पोरीने अकरावी-बारावी गाडीतच, चित्रपाठ बघून केली. अकरा विषय सुटले होते. ‘वीज आणि यंत्रे’ तेवढा, या बत्तीस पाठांचा, अडला होता. पुण्याच्या जलयंत्र संस्थेत तिची जागा राखून ठेवलेली होती, पण दाखला आज पाचपर्यंत पोचला नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती.

"शून्य म्हणजे झोपली होती का?" अविराज सोनकांबळेने विचारलं. तो केंद्राचा नवा नियम अधिकारी होता आणि यंत्राची ओळख अजून करून घेत होता.

"डोळे टक्क उघडे होते. हे बघ, उत्तरं यंत्रं लिहून द्यायला लागली म्हणून परीक्षा बंद झाल्या आणि आम्ही डोळे मोजायला लागलो. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. तो चुकला की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. माणूस शिकतो तो त्या क्षणी. पाठात असे क्षण किती आले, तो चकितांक."

"आणि एकही आला नाही तर?"

"एक तर डोक्यात काही शिरलं नाही, नाही तर सगळं आधीच येत होतं."

"आधी येत नव्हतं. पूर्वचाचणीत शंभरात सात आहेत."

"तेच तर! मग नियमाप्रमाणे ही डोळ्यांची लबाडी ठरते, पाठ बघितल्याचं नुसतं सोंग." बाईंना हे म्हणताना वाईट वाटलं, पण नियमही त्यांनीच लिहिला होता.

मायलेकींना आत बोलावलं. लबाडी हा शब्द ऐकताच स्वरा उसळली. "माझी पोरगी जळकी मोटार नुसत्या वासावरून ओळखते, म्याडम! लबाडी कशापायी करंल ती?"

"मग सातच गुण का गं?" बाईंनी रुद्राणीला विचारलं.

रुद्राणी खाली बघत म्हणाली, "प्रश्नच कळले नाहीत. विभवांतर, एकसर जोडणी, रोहित्र... आम्ही व्होल्टेज म्हणतो, सिरीज म्हणतो. रोहित्र म्हणजे आपली डीपी, गावातला ट्रान्सफॉर्मर, हे मला पहिल्या पाठात कळलं. मी ओरडलेच गाडीत."

"ओरडली तर! मला वाटलं, साप निघाला," स्वरा म्हणाली.

अविराजने पहिल्या पाठाची मूळ नोंद उघडली. तिच्यात सात उंच टोकं होती. इतकं चकित कुणी होत नसतं, असं ठरवून यंत्राने ‘डोळ्यात कचरा’ असा शेरा मारून ती वगळली होती. बाईंना हसूच फुटलं. पोरीला वीज येत होती, मराठी वीज तेवढी येत नव्हती!

"तरी सुटला तो एकच पाठ," अविराज म्हणाला. "उरलेल्या एकतीस पाठांचं काय? ‘आधीच येतं’ असा रकानाच नाही आपल्याकडे."

चार वाजून गेले. दुसरं काही सुचेना, म्हणून बाईंनी मापक पुन्हा सुरू केला आणि बारावा पाठ लावला. मोटारीवरचा भार. रुद्राणीने पाहिला. शून्य.

"अगं, एवढं येतं तरी काय तुला?" बाई वैतागून पडद्यापुढे वाकल्या.

"मॅडम, पंप चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह बंद केला, तर मोटार करंट जास्त ओढेल की कमी?" रुद्राणीने उलट विचारलं.

"जास्तच! पाणी अडवलंय ना आपण."

"कमी. पाणी पुढे ढकलायचंच नाही तिला, नुसती घुसळत बसते. आपल्या साध्या शेतातल्या पंपाचं असंच असतं."

"काय सांगतेस!"

मापक वाजला. पुढे वाकलेल्या बाईंच्याच डोळ्याची बाहुली त्याने टिपली होती. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पाठ बारा पूर्ण. विद्यार्थी: मेदिनी कुलथे. शिक्षक: रुद्राणी शेलार.’

अविराजने ती ओळ पुन्हा वाचली. मग तो सावकाश म्हणाला, "बरोबरच आहे. ज्याचा अंदाज चुकतो तो विद्यार्थी, मग ज्याने चुकवला तो शिक्षक. यंत्राला वयही कळत नाही आणि पदवीही."

"आणि शिकवणाऱ्याने तोच विषय विद्यार्थी म्हणून पुरा करावा, अशी अट आहे?" बाईंनी विचारलं.

"कशी असेल, मॅडम? शिकवतो म्हणजे त्याला येतंच."

चार चाळीसला दाखला पुण्याला गेला आणि चार बेचाळीसला पोच आली. स्वरा मटकन खुर्चीत बसली. "सुटली गं बाई," म्हणत तिने पदराने डोळे पुसले. रुद्राणी हसतही होती आणि रडतही.

यंत्र मात्र बाईंना सोडेना. ‘मेदिनी कुलथे: एकतीस पाठ बाकी’ असं ते बजावत होतं, आणि ती नोंद पुसायची सोय बाईंनीच ठेवलेली नव्हती.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला निघायची घाई आहे का?"

"नाही, मॅडम."

"मग बस. पहिल्यापासून सांग. आणि हे बघ, रोहित्र नको, डीपीच म्हण."